प्राणी आवडतात म्हणून दवाखान्यात लागले, आता दिवसभर नुसती धरते

बाळीवेशीतली | रविवार, रात्री १०.५०

मंडळी, पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

मी सोलापुरात कुत्र्यामांजरांच्या एका खाजगी दवाखान्यात मदतनीस आहे. डॉक्टर नाही, आणि नर्स म्हणावं तर तसा कागदही नाही. लोक 'मॅडम' म्हणतात, घाईत असले की 'ओ ताई', आणि डॉक्टर ऑपरेशनमध्ये अडकलेले असतील तर मलाच डॉक्टर समजून कुत्र्याचं जन्मापासूनचं सगळं सांगून मोकळे होतात. आधी चाटी गल्लीत कापडाच्या दुकानात हिशेब लिहायचे. प्राणी आवडतात एवढ्याच भांडवलावर इकडे आले. या महिन्यात तीन वर्षं झाली.

पहिल्या दिवशी डॉक्टरांनी एकच विचारलं होतं, "धरता येतं का?" मी म्हटलं, हो. मला वाटलं मांडीवर घेणं, कुरवाळणं, त्यालाच धरणं म्हणत असतील.

सलाइन लावायचं असेल तर कुत्र्याला टेबलावर पोटावर बसवायचं. एक हात गळ्याखालून घालून त्याचं डोकं आपल्या खांद्याशी घट्ट घ्यायचं, म्हणजे तोंड डॉक्टरांच्या हाताकडे वळत नाही. दुसरा हात पुढच्या पायाच्या कोपरामागे. पाय थोडा पुढे रेटायचा, अंगठा कोपराच्या खोबणीत दाबायचा आणि जरासा बाहेर फिरवायचा. मग भादरलेल्या पट्ट्यात शीर सुतळीसारखी वर येते. सुई शिरली, नळीत रक्त दिसलं की डॉक्टर म्हणतात, "सोड." आता सोडायचा असतो तो फक्त अंगठा, बाकी सगळं धरूनच ठेवायचं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या आठवड्यात "सोड" ऐकलं आणि मी अख्खं कुत्रं सोडलं. डॉबरमन होता. सुई, नळी, ट्रे सगळं फरशीवर, आणि डॉबरमन बाहेर लावलेल्या स्कूटरच्या मागे. अर्धा तास कुणाच्या हाती लागला नाही.

मांजराचं गणित उलटं. जितकं जोरात धराल तितकी नखं जास्त. त्याला टॉवेलात गुंडाळायचं, तान्ह्या बाळाला दुपट्यात बांधतात तसं, आणि ज्या पायाचं काम असेल तेवढाच बाहेर काढायचा. टॉवेलांची आम्हाला ददात नाही. पूर्व भागातल्या एका कारखानदारांची मांजर आमच्याकडे येते, ते विणीत खोट राहिलेले टॉवेल गठ्ठ्याने पाठवतात. जाड सोलापुरी टॉवेल, नखं आरपार येत नाहीत. जुन्या चादरी गाडीखाली आलेलं कुत्रं उचलायला. चौघांनी चार कोपरे धरले की झाली झोळी. मणक्याची शंका असेल तर मात्र फळीच.

तर आता मूळ मुद्दा. काल रात्री घरी आमच्या कुत्र्याजवळ, मोतीजवळ बसले होते. टीव्ही बघता बघता त्याच्या पुढच्या पायावर हात ठेवला आणि अंगठा आपसूक खोबणीत गेला. मोतीने पाय काढून घेतला आणि उठून आईजवळ जाऊन बसला.

तुमच्यापैकी कुणाचं असं झालंय का? आवडीचं काम पत्करलं आणि आवडच हातातून गेली?

---

कडक भाकरी | रविवार, रात्री ११.२०

डॉबरमन आणि स्कूटर! बसल्या जागी हसतोय, बायको विचारतेय काय झालं.

मी मूळचा सात रस्त्याचा, सध्या पोटासाठी हिंजवडीत. ताई, मोतीचं जाणकार सांगतीलच. मला सांगा, लोक तिथं येऊन आजार काय सांगतात? आमच्या आजोबांच्या कुत्र्याला जन्मभर एकच आजार होता, 'उष्णता'. औषध पण एकच, ताक.

---

बाळीवेशीतली | रविवार, रात्री ११.४५

@कडक भाकरी, उष्णता अजून पहिल्या नंबरवर आहे. त्यानंतर 'नजर' आणि 'शेजाऱ्यानं काहीतरी घातलंय'.

आमची खरी कसोटी भाषेची. एका सकाळी मराठी, कन्नड, तेलुगू, दखनी सगळं कानावर पडतं. नवीन होते तेव्हाची गोष्ट. विडी घरकुलातून एका आजींचा फोन आला, "पिल्ली को उलटी होरई, लेके आतूं." मी ऐकलं 'पिल्लू'. पिल्लू आणि उलटी म्हणजे डोक्यात पार्व्होच येतो, पिल्लांचा जीवघेणा संसर्गाचा रोग. वेगळा कोपरा मोकळा केला, फरशी ब्लीचने पुसली, हातमोजे घालून दारात उभी. रिक्षातून आजी उतरल्या, पिशवीतून एक गलेलठ्ठ बोका बाहेर बघतोय. तेलुगूत पिल्ली म्हणजे मांजर. आता फोनवर आधी विचारते, "म्यांव की भौ?" वयस्कर माणसं पण न लाजता आवाज काढून दाखवतात.

---

उन्हाळी पाखरू | सोमवार, सकाळी ७.१०

ताई, धागा चालू आहे तोवर एक विचारून घेते. जुळे सोलापुरात राहते. मुलाच्या हट्टापायी हस्की घेतलाय, तो थंड प्रदेशातला दाट केसांचा कुत्रा. दुपारी नुसता धापा टाकतो. एसी सगळा दिवस परवडत नाही. बर्फाने अंघोळ घातली तर चालेल का?

---

बाळीवेशीतली | सोमवार, दुपारी २.३०

@उन्हाळी पाखरू, घेतलाय तर आता त्याला दोष देऊन उपयोग नाही. पण ४३-४४ अंशांच्या गावात हस्की आणि पग आणणाऱ्यांना मनातल्या मनात मी रोज दोन शब्द सुनावते. तुम्हाला नाही, हलके घ्या.

बर्फ नको.  साधं नळाचं पाणी पोटाला, काखेत, जांघेत, पंज्यांना लावा आणि पंखा लावा. केस भादरू नका, त्या केसांनी ऊनही अडतं. फिरवणं सकाळी सातच्या आत नाहीतर रात्री उशिरा. डांबरी रस्त्यावर हाताची मागची बाजू टेकवून बघा, तुम्हाला पाच सेकंद सोसत नसेल तर त्याच्या पंज्याला कसं सोसेल?

कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. १०४ च्या वर गेलं, हिरड्या लालभडक झाल्या, चालताना झोकांड्या जायला लागल्या तर पाणी लावत लावतच दवाखाना गाठा. मागच्या मे मध्ये एक पग आला होता, बंद गाडीत वीस मिनिटं ठेवला होता. मालक नवी पेठेत 'पटकन' खरेदीला गेले होते. पग राहिला नाही.

---

सडेतोड | सोमवार, रात्री ९.०५

सगळं गोड गोड चाललंय म्हणून जरा खडा टाकतो.

आमच्या सोसायटीतल्या भटक्या कुत्रीचं पिल्लू आजारी होतं, आम्ही चार जणांनी वर्गणी काढून नेलं. कुठल्या दवाखान्यात ते सांगत नाही. चार दिवसांचं बिल बघून डोळे पांढरे झाले, आणि पिल्लू पाचव्या दिवशी गेलं. मुक्या जनावराच्या नावावर धंदा आहे हा. प्राणिप्रेम म्हणायचं आणि सलाइनच्या प्रत्येक बाटलीचे पैसे लावायचे. ताईंवर वैयक्तिक राग नाही.

---

बाळीवेशीतली | सोमवार, रात्री ११.३०

@सडेतोड, राग आला होता. आंघोळ करून, जेवून मग लिहायला बसले.

तुमचं पिल्लू बहुतेक पार्व्होचं असणार. तुम्ही चौघांनी वर्गणी काढलीत हे मनापासून चांगलं केलंत, बहुतेक लोक पोत्यात घालून आणतात आणि दारात ठेवून पळतात. पण चार दिवसांत काय होतं ते सांगते.

पार्व्होवर विषाणू मारणारं हमखास औषध नाही. आतड्याचं आतलं अस्तर सोलून निघतं, रक्ताची हगवण लागते, आणि पिल्लू मरतं ते पाणी कमी पडून नाहीतर रक्तात जंतू पसरून. म्हणून सलाइन, उलटी थांबवणारं इंजेक्शन, अँटिबायोटिक, आणि वाट बघणं. दीड किलोच्या पिल्लाची शीर शेवईएवढी. दर दोन-तीन तासांनी बघायचं, नळी निघाली तर दुसरा पाय. या रोगाचा वास एकदा नाकात बसला की जात नाही, गोडसर, कुजका, वर गंजक्या लोखंडासारखा. मी दारातूनच सांगू शकते. प्रत्येक वेळी फरशी, टेबल, भांडं ब्लीचच्या पाण्याने. फिनेल ओतून भागत नाही, हा विषाणू महिनोन्‌महिने जमिनीत टिकतो. तुमच्या सोसायटीत जिथं ते पिल्लू हगलं, तिथं पुढच्या विणीची पिल्लं खेळणार आहेत, हे लक्षात असू द्या.

आणि या सगळ्याऐवजी सहा ते आठ आठवड्यांचं असल्यापासून लस, मग तीन-चार आठवड्यांनी पुन्हा, असं चार महिन्यांचं होईपर्यंत. सगळ्या डोसांचे मिळून पैसे तुमच्या बिलातल्या एका दिवसाएवढेही नसतील.

पैशाचं म्हणाल तर सलाइन, सुया, कॅन्युला सगळं विकत येतं. माझा पगार अकरा हजार. दुकानात हिशेब लिहिताना तेरा होता.

---

सडेतोड | मंगळवार, सकाळी ८.००

जमिनीत टिकतो हे माहीत नव्हतं. आम्ही त्याच कोपऱ्यात नवीन पिल्लांसाठी खोकं ठेवलंय. आज हलवतो.

बिलाबद्दलचं मत कायम.

---

खिलारी | मंगळवार, दुपारी १.१५

आमी सांगोल्याकडलं. ताई, तुमच्या मोतीवरनं आमचा सर्जा आठवला.

२०२२ ला जनावरांत लंपीची साथ आली तवा आमच्या भागात जनावरांचं बाजार बंद केल्यालं. सर्जा म्हंजी खिलार बैल, पांढराफेक. आठ दिवसांत अंगावर लिंबाएवढ्या गाठी, पायाला सूज, चारा तोंडात धरंना. दवाखान्याची माणसं रोज मोटरसायकलवर यायची, एका दिवसात चार-चार वस्त्या करायची, जेवायला सुदीक टाइम नव्हता त्यास्नी. शेळ्यांच्या देवीची लस तीच गाईबैलांना टोचत होती, पर आमचं आधीच बसल्यालं. मी वेसण धरायचो, ते सुई द्यायचं. बावीस दिवस. सर्जा उठला.

पर त्या दिसापास्नं मोटरसायकल वाजली की दाव्याला हिसका देतो. आन सुई देणाऱ्याला ओळखत न्हाई, मला ओळखतो. धरत मी हुतो की. पयल्यांदा लई वाईट वाटलं. आता मी मोटरसायकल लांब लावून चालत येतो.

---

बाळीवेशीतली | मंगळवार, दुपारी १.४०

@खिलारी दादा, 'धरत मी हुतो की.' एवढंच मला लिहायचं होतं, आणि मी दोन पानं खरडली.

---

नीटवाली | मंगळवार, संध्याकाळी ६.२०

मी बारावी सायन्सला आहे, अक्कलकोट रोडला राहते. मला पण व्हेट व्हायचंय. घरचे म्हणतात 'ढोराचं डॉक्टर' होऊन काय करणार, मुलीला झेपतं का. प्लीज कुणीतरी खरं सांगा. कॉलेज सोलापुरात आहे का?

---

गुरांचा डॉक्टर | मंगळवार, रात्री ८.३५

नोकरीतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. मंगळवेढा, सांगोला, अक्कलकोट असा जिल्हाभर फिरलो. इथे फक्त वाचायचो, आज राहवलं नाही.

@नीटवाली, बाळ, सोलापूर शहरात पदवीचं सरकारी कॉलेज नाही. आपल्याला जवळची म्हणजे उदगीर आणि शिरवळ. परभणीही आहे. सगळी नागपूरच्या पशुवैद्यक विद्यापीठाखाली येतात. प्रवेश नीटच्या गुणांवर. साडेचार वर्षं शिक्षण, वर्षभर इंटर्नशिप, मग पशुवैद्यक परिषदेत नोंदणी. मुलीला झेपतं का? गाय अडते तेव्हा वासरू ओढायला चार गडी मिळतात, पण आत हात घालून वासराची मान वळवायला लांब, बारीक हात लागतो. माझ्या पाहण्यात ते काम मुलींनी जास्त चांगलं केलंय. घरच्यांना हे सांग.

आता धरण्याविषयी. आमच्याकडे जखमा बांधणाऱ्याचं सरकारी नाव 'व्रणोपचारक'. केवढं भारदस्त! गावात त्याला कंपोंडरच म्हणायचे. माझ्यासोबत एक होते, शिक्षण बेताचं. खिलार बैल खोड्यात घालायचा म्हणजे दोन माणसं आडवी होणार हे ठरलेलं. हे गृहस्थ आधी पाच मिनिटं बैलाच्या गळ्याची पोळी, म्हणजे खाली लोंबणारी कातडी, खाजवत उभे राहायचे. मालक वैतागायचा, मी घड्याळ बघायचो. मग दोन बोटं हळूच नाकपुडीत, आतला पडदा चिमटीत धरला की एवढं मोठं धूड जागच्या जागी. काम झालं की पुन्हा दोन मिनिटं पोळी खाजवायचे. मी विचारलं, आता कशाला? म्हणाले, "साहेब, पुढच्या बारीला बी मलाच धरायचंय."

बाळीवेशीतल्या ताई, यात मोतीचं उत्तर सापडलं तर बघा. शिवाय घरी गेल्यावर कपडे बाहेरच बदला, हात कोपरापर्यंत धुवा. तुम्हाला येईनासा झालेला स्पिरिटचा वास त्याला अंगणातूनच येतो. आणि काही दिवस त्याच्या पुढच्या पायांना हात लावू नका.

एक गोष्ट मात्र दटावून विचारतो. रेबीजची लस घेतली आहे का? चावण्याच्या आधीची?

मंगळवेढ्याकडच्या एका वस्तीवर म्हैस बघायला बोलावलं होतं. लाळ गळतेय, गिळता येईना, आवाज घोगरा. घरचे म्हणाले, घशात कणसाचा बुरकुंडा अडकलाय. मालकाने आदल्या दिवशी कोपरापर्यंत हात घालून पाहिलं होतं. त्याच्या बोटावर विळ्याची ताजी कापणी. मी म्हशीच्या तोंडाला हात न लावता विचारलं, इकडे पिसाळलेलं कुत्रं फिरलं होतं का? म्हातारी म्हणाली, व्हय, महिना झाला, त्याला पोरांनी मारलं. म्हैस राहू दिली आणि आधी त्या माणसाला हात साबणाने पंधरा मिनिटं धुवायला लावले, मग माझ्याच गाडीवर बसवून दवाखान्यात नेलं. म्हैस तीन दिवसांत गेली. तो माणूस अजून दिवाळीला फोन करतो.

गाय असो, म्हैस असो, कुत्रं असो, 'घशात हाड अडकलंय' असं कुणी म्हटलं की आधी रेबीजच डोक्यात आला पाहिजे. खालचा जबडा लोंबतोय, लाळ गळतेय आणि कुत्रं गप्प बसलंय, तर ते चवताळलेल्या कुत्र्यापेक्षा जास्त धोक्याचं, कारण त्याची दया येते आणि माणूस तोंडात हात घालतो.

---

बाळीवेशीतली | मंगळवार, रात्री १०.१०

@गुरांचा डॉक्टर, काका, खरं सांगते. पहिली दोन वर्षं घेतली नव्हती. 'उद्या घेऊ' करत राहिले. मग एका मांजराने अंगठ्याच्या मुळाशी दात रुतवला. मांजराचे दात सुईसारखे, वरून ठिपका दिसतो आणि घाण आत खोल जाते. साबण, वाहतं पाणी, मग सिव्हिलला रांग. सगळी इंजेक्शनं पूर्ण केली. हात मनगटापर्यंत सुजला होता, चार दिवस अंगठा वळत नव्हता. नंतर आलेल्या नवीन मुलाला मात्र पहिल्याच आठवड्यात तिन्ही डोस कधी-कधी ते कॅलेंडरवर लिहून दिलं. दिवस शून्य, सात आणि एकवीस.

तुमच्या व्रणोपचारकांचं वाचलं आणि मी लगेच करून बघितलं. एक इंडी, म्हणजे आपली देशी कुत्री आहे, दर महिन्याला गोचीड तापाच्या तपासणीला येते आणि दर वेळी टेबलाखाली घुसते. रक्त काढून झाल्यावर मी तिला लगेच खाली उतरवलं नाही. तिथंच शेपटीच्या मुळाशी खाजवत बसले. डॉक्टर म्हणाले, पुढचा पेशंट थांबलाय. मी म्हटलं, दोन मिनिटं. ती उतरली, दारापर्यंत गेली आणि वळून आली. माझ्यासाठी नसेल, बिस्किटाची बरणी माझ्यामागे होती.

---

कडक भाकरी | मंगळवार, रात्री १०.२५

बरणी नव्हे हो ताई. तुम्हीच.

अवांतर: काका, तुम्ही रोज लिहा. 'पुढच्या बारीला बी मलाच धरायचंय' हे ऑफिसात बॉसच्या भिंतीवर लावणार आहे.

---

उन्हाळी पाखरू | बुधवार, दुपारी १२.४०

हस्की ओल्या फरशीवर पंख्याखाली पसरलाय. मुलगा शेजारी पसरलाय. कळवायचं होतं, बस.

---

बाळीवेशीतली | तीन आठवड्यांनंतर, शनिवार, रात्री ९.५०

धागा खाली गेलाय, पण कळवायचं राहिलं होतं.

कपडे गॅलरीत बदलते, हात काकांनी सांगितले तसे धुते. मोतीच्या पुढच्या पायांना हात लावला नाही. पहिले दहा-बारा दिवस काही फरक नाही, तो आईजवळच. नंतर पायाशी येऊन बसायला लागला, पाठ माझ्याकडे करून. मी पाठ खाजवते.

काल लंगडत आला. पुढचा उजवाच पाय, तळव्यात बाभळीचा काटा, अर्धा मोडून आत राहिलेला. मला दाखवेना. आईकडे गेला आणि पाय दिला तिच्या मांडीवर. म्हणून आईला म्हटलं, तू धर, मी काढते. तिला सगळं नीट शिकवलं, हात गळ्याखालून, डोकं खांद्याशी, अंगठा कुठं ते. आई म्हणाली, "कळलं गं, पोरं वाढवलीत मी." चिमटा लावला, ओढला, काटा अख्खा आला. रक्ताचा एक थेंब. मी म्हटलं, "हं, सोड."

आईने अख्खा मोती सोडला. जिन्यावरून खाली, शेजाऱ्यांच्या गाडीखाली, आणि रात्री साडेदहापर्यंत तिथंच.